एमडी कशी उतरवायची? कारखाना, कोल्ड स्टोरेज, हॉटेल, ऑफिसवाल्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एमडी म्हणजे मॅक्झिमम डिमांड, महिन्यातल्या कुठल्याही एका अर्ध्या तासात तुम्ही उचललेला सगळ्यात जास्त लोड, तो केव्हीएत (ग्रिडकडून घेतलेल्या एकूण भारात) मोजतात. खाली जे लिहिलंय ते महावितरणचं एचटी (हाय टेन्शन) कनेक्शन डोळ्यासमोर ठेवून. एलटी (लो टेन्शन) इंडस्ट्रीला २० किलोवॅटच्या वर डिमांड चार्ज लागतो, त्यांनाही यातलं बरंचसं लागू आहे. हिशोबात सोपं जावं म्हणून डिमांड चार्ज सगळीकडे ५०० रुपये प्रति केव्हीए धरलाय, तुमच्या बिलावर जो दर छापलाय तो घालून गणित परत करा.

युनिट कमी झाले तरी बिल म्हणावं तसं उतरत नाही, असं का?

कारण तुम्ही दोन गोष्टींचे पैसे भरताय. एक म्हणजे महिनाभरात किती युनिट खाल्ले, आणि दुसरं म्हणजे एका वेळी जास्तीत जास्त किती लोड उचलला, याला डिमांड चार्ज म्हणतात आणि तो केव्हीएवर लागतो. एलईडी लावले, एखादी मशीन बंद ठेवली की युनिट उतरतात, पण महिन्यातल्या एका सकाळी सगळं एकदम चालू झालं की एमडी होती तिथेच राहते. महिन्यातल्या बाकी सगळ्या अर्ध्या तासांत तुम्ही शहाण्यासारखं वागलात तरी डिमांडचं बिल त्या एका अर्ध्या तासावर निघतं, हे आधी डोक्यात बसलं पाहिजे, पुढचं सगळं त्याच्यावरच आहे.

मोटर स्टार्ट होताना झटका बसतो त्याने एमडी वाढते ना?

नाही. हा गैरसमज इतका पसरलाय की लोक एमडीसाठी म्हणून सॉफ्ट स्टार्टर (मोटर हळूहळू चालू करणारा) घेतात. मीटर क्षणाचा करंट बघून एमडी ठरवत नाही, तो ३० मिनिटांत किती केव्हीएएच (केव्हीए गुणिले तास) गेले ते मोजतो आणि त्याची दुप्पट म्हणजे त्या अर्ध्या तासाची डिमांड. आता ७५ एचपीची मोटर डीओएलवर (थेट लाईनवर) स्टार्ट केली, सहापट करंट दहा सेकंद घेतला तरी ते एक केव्हीएएचच्या आसपास होतं, म्हणजे एमडीत दोन-अडीच केव्हीए. सॉफ्ट स्टार्टर बेल्ट, कपलिंग, केबलसाठी चांगला आहे, घ्या, पण एमडी उतरेल म्हणून नको. एमडी वाढवतात त्या पंधरा-वीस मिनिटं किंवा जास्त वेळ एकमेकांवर चढून चालणाऱ्या मशीन.

मग सुरुवात कुठून करायची?

मशीनपासून नाही, मीटरच्या डेटापासून. मीटरमध्ये अर्ध्या तासाचा लोड सर्व्हे साठलेला असतो, तो महावितरणच्या सर्कल ऑफिसकडे अर्ज करून मागता येतो, नाहीतर तुमच्या इनकमरवर (मुख्य येणाऱ्या लाईनवर) एक लोड मॅनेजर टाईप मीटर बसवा जो अर्ध्या-अर्ध्या तासाचं रेकॉर्ड ठेवतो. दिवसाच्या ४८ ओळी, तीस दिवसांच्या १४४०. एक्सेलमध्ये टाका, केव्हीएच्या कॉलमवर मोठ्याकडून लहान असं सॉर्ट करा आणि फक्त वरच्या वीस ओळी बघा.

बहुतेक ठिकाणी असं दिसतं की वरच्या पाच-सहा ओळी बाकीच्यांपेक्षा बऱ्याच उंच आहेत आणि त्या एकाच प्रकारच्या दिवसाच्या, एकाच वेळेच्या आहेत. भोसरी-पिंपरीकडे गुरुवारची सुट्टी असते, तिथे हीट ट्रीटमेंटवाल्याची शुक्रवार सकाळ हमखास वर येते कारण चारही फर्नेस थंड असतात, फोरमन सात वाजता येऊन सगळ्यांचे स्विच एका दमात टाकतो आणि दोन-तीन तास सगळ्या फुल पॉवर खात बसतात, नंतर त्या ऑन-ऑफवर जातात आणि लोड निम्मा होतो. चारातल्या दोन फर्नेस टायमर लावून पहाटेच चालू केल्या तर तो डोंगर खाली येतो, खर्च टायमरचा. जर तुमच्या वरच्या वीस ओळी महिनाभर विखुरलेल्या असतील आणि उंचीत फार फरक नसेल तर मात्र वेळ बदलून काही मिळणार नाही, मग पीएफ (पॉवर फॅक्टर, म्हणजे घेतलेल्या केव्हीएतला किती हिस्सा खऱ्या कामाला लागतो), कंप्रेसर या लाईनने जायला लागेल. म्हणून म्हणतो आधी डेटा.

आमची फाउंड्री आहे, इंडक्शन फर्नेस बंद ठेवून कसं चालेल?

बंद कोण म्हणतंय. कोल्हापूरकडे शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलला जा, अर्धी चर्चा याचीच असते. एक टन लोखंड वितळवायला साधारण ५५० ते ६५० युनिट लागतात, ते लागणारच, त्यात कपात नाही. पण ते ज्या अर्ध्या तासात लागतात त्याच अर्ध्या तासात सँड प्लांट, शॉट ब्लास्ट आणि दोन्ही कंप्रेसर चालले पाहिजेत असं कुठे लिहिलंय? शॉट ब्लास्टचा माल कालचा असतो, तो हीट (एका वेळचं वितळलेलं लोखंड) ओतताना चालवा, तेव्हा फर्नेसची पॉवर तशीही खाली असते. दोन फर्नेस असतील तर दोन्ही एकदम फुल पॉवरवर नेऊ नका, एकीचं मेल्टिंग आणि दुसरीचं होल्डिंग (वितळलेलं नुसतं गरम ठेवणं) किंवा चार्जिंग (माल भरणं) असं जमवा. नवीन लायनिंगचं सिंटरिंग (भट्टीचं नवं अस्तर तापवून पक्कं करणं) असेल तो दिवस आधीच फळ्यावर लिहून ठेवा, त्या दिवशी हमखास गडबड होते.

आणि झाकण. फर्नेसचं झाकण उघडं ठेवून गप्पा मारत कंपोझिशन रिपोर्टची वाट बघत बसणं हा आपल्याकडचा जुना आजार आहे. तेवढा वेळ नुसतं होल्डिंगला पॉवर जाते, हीट लांबते आणि मग पुढची हीट मागच्यावर चढते. एमडी इथे वाढते, फर्नेसच्या नेमप्लेटवर नाही.

डिमांड कंट्रोलर बसवला की काम झालं का?

कंट्रोलर चांगला आहे पण त्याला काय तोडायचं, म्हणजे कोणता लोड बंद करायचा, ते तुम्हीच सांगायला लागतं. तो काय करतो ते एकदा आकड्यात बघा. तुम्हाला ४५० केव्हीएच्या वर जायचं नाही, म्हणजे अर्ध्या तासाचं बजेट २२५ केव्हीएएच. वीस मिनिटं झाली आणि १७० गेले, म्हणजे तुम्ही ५१० च्या चालीने पळताय. उरलेल्या दहा मिनिटांत ५५ च शिल्लक, म्हणजे लोड ३३० केव्हीएवर आणला तरच वाचलात. कंट्रोलर हे गणित सतत करतो आणि दहाव्या-बाराव्या मिनिटालाच चाल ओळखून थोडं-थोडं कमी करायला लागतो, माणसाला हे कळेपर्यंत अठ्ठाविसावं मिनिट आलेलं असतं.

पहिल्या नंबरला काय तोडायचं, दुसऱ्याला काय, ही यादी प्रॉडक्शनवाल्याबरोबर बसून करा. वॉटर टँकचा पंप, एसी, चिलर, बॅटरी चार्जर, ओव्हन, हे दहा मिनिटं थांबले तर कोणाचं काही बिघडत नाही. फर्नेसला पूर्ण तोडू नका, पॉवर सेटिंग खाली आणणारा सिग्नल द्या. अजून एक, कंट्रोलरचं घड्याळ महावितरणच्या मीटरच्या घड्याळाशी जुळलेलं पाहिजे. दोघांच्यात सात-आठ मिनिटांचा फरक असला तर तुमचा अर्धा तास वेगळा आणि मीटरचा वेगळा, आणि कंट्रोलर ४५० दाखवत असताना बिल ४८० चं येतं, मग सगळे कंट्रोलरला शिव्या देतात.

पीएफ सुधारला की एमडी खरंच उतरते?

हो, आणि सगळ्यात लवकर उतरते. डिमांड केव्हीएत मोजतात. लोड ४०० किलोवॅट आणि पीएफ ०.८५ असेल तर ४७० केव्हीए, तोच लोड ०.९९ वर आणला तर ४०४. साधारण ६६ केव्हीएचा फरक, म्हणजे महिन्याला ३३ हजार रुपये, एकही मशीन न थांबवता. शिवाय एप्रिल २०२० पासून एचटीला युनिटचं बिलिंगसुद्धा केव्हीएएचवर आहे, म्हणजे खराब पीएफ दोन्हीकडून मारतो.

आता एपीएफसी पॅनल (कपॅसिटर लावून पीएफ आपोआप सुधारणारं) आहे म्हणून निर्धास्त राहू नका. पॅनलचं दार उघडून टाँग टेस्टरने (तारेभोवती लावून करंट मोजणाऱ्या मीटरने) एकेका कपॅसिटरचा करंट बघा, जुन्या पॅनलमध्ये निम्मे मेलेले निघाले तरी आश्चर्य वाटायला नको, बाहेरचा दिवा लागतो पण आत काही नसतं. व्हीएफडी (मोटरचा स्पीड बदलणारे ड्राईव्ह), फर्नेस जास्त असतील तर हार्मोनिक्समुळे (करंटच्या बिघडलेल्या लहरींमुळे) साधे कपॅसिटर टिकत नाहीत, डीट्यून्ड रिअॅक्टरसकट घ्या. आणि सुट्टीच्या दिवशी कपॅसिटर तसेच चालू ठेवून लीडमध्ये (म्हणजे पीएफ उलट्या बाजूला) जाऊ नका, लीडसुद्धा केव्हीएएचमध्ये मोजला जातो.

कंप्रेसरमधून किती निघेल?

जेवणाच्या सुट्टीत सगळ्या मशीन बंद असताना कंप्रेसर रूमच्या बाहेर उभे राहा. कंप्रेसर लोड होतोय का? होत असेल तर ती सगळी हवा लिकेजमध्ये जातेय. सात बारच्या लाईनला तीन मिलीमीटरचं एक भोक म्हणजे जवळपास तीन किलोवॅट, आणि असं भोक एक नसतंच, क्लीनिंग गन, फाटके पाईप, जुने कपलिंग मिळून लहान कारखान्यातसुद्धा दहा-वीस सापडतात. प्रेशर एक बारने खाली आणलं तर पॉवर ६-७ टक्के कमी. दोन कंप्रेसर निम्म्या-निम्म्या लोडवर चालत असतील तर एक पूर्ण बंद करा, स्क्रू कंप्रेसर अनलोडमध्येसुद्धा (हवा न देता नुसता फिरताना) फुल लोडच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास पॉवर खात असतो. पंखे आणि पंप असतील तर तिथे व्हीएफडीचा खरा फायदा, स्पीड ८० टक्क्यांवर आणला की पॉवर निम्म्यावर येते.

टीओडी आणि एमडी एकच का?

नाही, आणि हा गोंधळ सगळीकडे आहे. एमडी म्हणजे तुमचा स्वतःचा पीक (सगळ्यात जास्त भाराची वेळ), तो पहाटे तीनलाही येऊ शकतो. टीओडी म्हणजे टाईम ऑफ डे, वेळेप्रमाणे युनिटचा दर, तो ग्रिडच्या पीकवर ठरतो, त्या तासांत युनिट महाग.

वर्षानुवर्षं आपल्याकडे रात्री १० ते सकाळी ६ दीड रुपया सूट आणि संध्याकाळी ६ ते १० एक रुपया दहा पैसे जास्त असं होतं, शिवाय डिमांडही सकाळी ६ ते रात्री १० मधलीच धरायचे, म्हणून लोकांनी रात्रपाळ्या बसवल्या. आता सोलरमुळे गणित उलटलंय. केंद्राने जून २०२३ मध्ये ग्राहक हक्क नियमांत बदल केला, १० किलोवॅटच्या वरच्या व्यापारी आणि औद्योगिक ग्राहकांना १ एप्रिल २०२४ पासून टीओडी, सोलरच्या तासांत दर किमान २० टक्के कमी आणि पीकच्या तासांत किमान १.२ पट. म्हणजे स्वस्त वीज आता दुपारी, महाग संध्याकाळी. नेमके तास वीज नियामक आयोगाच्या चालू आदेशात असतात, बिलावर झोनप्रमाणे युनिट छापलेले असतात तिथून ताडून बघा.

मग सगळं काम दिवसावर आणू का?

थांबा जरा. दुपारची सूट बघून रात्रपाळीचा सगळा लोड दिवसाच्या लोडवर चढवला तर युनिटमागे रुपया-दीड रुपया वाचेल पण एमडी काँट्रॅक्ट डिमांडच्या (महावितरणकडून मंजूर करून घेतलेल्या केव्हीएच्या) वर जाईल आणि कमावलेलं सगळं तिकडे जाईल. आधी १४४० ओळींचं शीट काढा, दुपारच्या ओळींमध्ये किती जागा रिकामी आहे ते बघा, तेवढंच सरकवा. पाणी उपसणं, फोर्कलिफ्ट चार्जिंग, बर्फ, चिलर टँक, सामान सुकवणं अशी कामं आधी, माणसांची पाळी शेवटी.

कोल्ड स्टोरेजला काय करता येईल? कंप्रेसर तर चालूच लागतात.

उलट कोल्ड स्टोरेजला जेवढी मोकळीक आहे तेवढी कोणालाच नाही. तासगाव-सांगलीकडचं बेदाण्याचं स्टोरेज घ्या, शेकडो टन थंड माल आत आहे, इन्सुलेशन चांगलं असेल तर कंप्रेसर दोन-अडीच तास थांबवून तापमान डिग्रीभर हलतं. दुपारी स्वस्तात एक डिग्री जास्त खाली न्या, संध्याकाळी महाग तासांत एक-एक चेंबर आळीपाळीने थांबवा. डिफ्रॉस्टचे हीटर सगळ्या चेंबरला एकाच वेळी लागलेले असतात, कारण बसवणाऱ्याने टायमर जसा आला तसा ठेवला, ते मागे-पुढे करा. मालाची जी मर्यादा आहे ती सोडू नका एवढंच, आइस्क्रीमला बेदाण्याचा नियम लावून चालत नाही.

खरी एमडी त्यांची चढते ती सीझनला, गरम माल एकाच दिवशी चार चेंबरमध्ये घेतला की. आणि दुसरी वेळ म्हणजे लाईट जाऊन दोन तासांनी आली की, तेव्हा सगळे कंप्रेसर एकदम उठतात आणि तासभर कोणीच अनलोड होत नाही. प्रत्येक कंप्रेसरला रीस्टार्ट डिले वेगवेगळा द्या, तोही पाच-पाच सेकंदांचा नाही, पंधरा-वीस मिनिटांचा. अर्ध्या तासाच्या मोजणीला सेकंदांनी काही फरक पडत नाही.

ऑफिस, हॉटेल, हॉस्पिटल?

इथे सगळा खेळ एसीचा. नऊला लोक येतात म्हणून नऊला चिलर चालू केला तर तो तापलेली इमारत, लिफ्ट, पॅन्ट्री, कॉम्प्युटर सगळ्यांबरोबर एकदम भिडतो. साडेसातला चालू करा, मजल्या-मजल्याने. थर्मोस्टॅट २४ वर, एका डिग्रीला साधारण ६ टक्के वीज. हॉटेलची लाँड्री आणि किचन संध्याकाळी एकत्र येतात, लाँड्री दुपारी घ्या. हॉस्पिटलात ओटी आणि आयसीयूला हात लावू नका, गीझर, लाँड्री, ऑटोक्लेव्हची वेळ, एवढ्यातच बघा.

छतावर सोलर टाकलाय, एमडी उतरेल ना?

भरवसा ठेवू नका. युनिट नक्की उतरतील. पण तुमचा पीक संध्याकाळी सातचा असेल तर सोलर तिथे नाही, आणि दुपारचा असेल तरी जुलैतल्या एका काळ्या दुपारी अर्धा तास सोलर पडला की एमडी जशीच्या तशी. शिवाय एक गोष्ट सोलरवाले सांगत नाहीत. समजा लोड २०० किलोवॅट आणि ६६ केव्हीएआर (रिअॅक्टिव्ह पॉवर, जी लागते पण काम करत नाही), पीएफ ०.९५, ठीक चाललंय. सोलरने १२० किलोवॅट दिले, ग्रिडकडून आता ८० च घ्यायचे पण ते ६६ केव्हीएआर तसेच ग्रिडकडून, पीएफ झाला ०.७७. लोक घाबरून मीटर टेस्टिंगला अर्ज करतात. एपीएफसीचा सीटी (करंट मोजणारी कॉइल) सोलरच्या अलीकडे आहे की पलीकडे ते बघा, म्हणजे ग्रिडच्या बाजूचा पीएफ त्याला दिसतोय का, आणि इन्व्हर्टरला रिअॅक्टिव्ह पॉवर देण्याचं सेटिंग असेल तर ते चालू करून घ्या.

पीकला जनरेटर चालवला तर?

लिटरला साडेतीन युनिट धरले आणि डिझेल नव्वदच्या आसपास, तर युनिट २५-२६ रुपयांना पडतं, ऐकूनच लोक नको म्हणतात. पण तुमचा डोंगर महिन्यात दहाच तासांचा असेल आणि ५० केव्हीए उचलायचे असतील तर ५०० युनिटचं डिझेल १३ हजार, ग्रिडचे तेवढेच युनिट वाचले ते चार हजार, आणि डिमांडचे २५ हजार वाचले. फायदा निघतो. तीस तास चालवायला लागला की तोटा. अट एकच, त्या तासांत जनरेटर नक्की चालू झाला पाहिजे, एकदा चुकला की महिना गेला. धुराचे आणि आवाजाचे नियम तर आहेतच.

बॅटरी?

दर वर्षी स्वस्त होतायत. ज्यांचा पीक उंच आणि अरुंद आहे त्यांनी कोटेशन जरूर घ्यावं, ज्यांचा सपाट आहे, उदाहरणार्थ चोवीस तास चालणारी सूतगिरणी, त्यांनी वेळ घालवू नये.

काँट्रॅक्ट डिमांडच्या वर गेलं तर काय होतं?

समजा काँट्रॅक्ट ४०० आणि एमडी ४४०. ४४० चा पूर्ण चार्ज २ लाख २० हजार, आणि वरच्या ४० वर आणखी दीडपट दराने ३० हजार. याच्यापेक्षा मोठा फटका दिसत नाही तो म्हणजे लोड फॅक्टर इन्सेंटिव्ह. काँट्रॅक्ट पूर्ण वेळ वापरलं असतं तर जेवढे युनिट गेले असते त्याच्या किती टक्के खरंच गेले, तो लोड फॅक्टर. तो ७५ टक्क्यांच्या वर असेल तर एनर्जी चार्जवर सूट मिळते, जास्तीत जास्त १५ टक्के, आणि ज्या महिन्यात काँट्रॅक्ट ओलांडलं त्या महिन्यात ती पूर्ण जाते. चोवीस तास चालणाऱ्या युनिटला ही रक्कम पेनल्टीच्या कितीतरी पट असू शकते. वर्षात तीनपेक्षा जास्त वेळा ओलांडलं तर काँट्रॅक्ट वाढवून घ्यायचा विषय निघतो.

एमडी उतरवली, सहा महिने झाले, पण बिल एका आकड्याच्या खाली जाईना. का?

कारण बिलिंग डिमांडला, म्हणजे ज्या केव्हीएवर डिमांड चार्ज लावतात त्याला, खालून टेकू आहे. एक म्हणजे या महिन्याची एमडी, दुसरं मागच्या अकरा महिन्यांतल्या सगळ्यात जास्त बिलिंग डिमांडच्या ७५ टक्के, तिसरं काँट्रॅक्ट डिमांडचा ठराविक टक्का, या तिन्हीतलं जे जास्त ते बिलात लागतं. तिसरा टक्का टॅरिफ आदेशाप्रमाणे बदलत आलाय. म्हणजे काँट्रॅक्ट ६०० ठेवून तुम्ही एमडी ३०० वर आणली तरी ३०० चं बिल येणार नाही. सगळ्यात जास्त पैसे इथे अडकलेले असतात, मोठ्या ऑर्डरच्या वेळी वाढवलेलं काँट्रॅक्ट ऑर्डर गेली तरी तसंच.

कमी करायचा अर्ज करा, पण घाई नको. वर्षभराचा, म्हणजे उन्हाळा आणि सीझन दोन्ही आलेला डेटा बघा, त्यातल्या सगळ्यात वाईट महिन्यावर थोडी मोकळीक ठेवून आकडा ठरवा. परत वाढवायला गेलात तर पैसे भरायला लागतात आणि फीडरवर जागा आहे का ते महावितरण बघतं. कमी काँट्रॅक्टचा एक जोडफायदा, लोड फॅक्टरचं गणित काँट्रॅक्ट डिमांडवर होतं, म्हणून तेवढ्याच युनिटला लोड फॅक्टर वर जातो आणि कधीकधी सूट सुरू होते.

आम्ही कमी केलं तर महावितरणला काय मिळतं, एवढं मागे का लागतात?

संध्याकाळी सूर्य मावळला की सोलर जातो आणि घरोघरी दिवे लागतात, तो खड्डा भरायला महागडी वीज घ्यावी लागते. कोयनेचे १,९६० मेगावॅट याच कामाला, पण पश्चिमेकडे सोडायच्या पाण्याला वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा आहे, वाटेल तेव्हा सोडता येत नाही. ३० मे २०२४ ला देशाची मागणी २५० गिगावॅटवर गेली होती. एमआयडीसींना वेगवेगळ्या वारी सुट्टी देण्यामागे पण हाच हिशोब, सगळ्यांचा भार एकाच दिवशी नको.

ऑपरेटर लोक ऐकत नाहीत, वर्षभर चालेल असं काय करावं?

केबिनमधला आकडा खाली आणा. पॅनलजवळ एक मोठा डिस्प्ले, चालू अर्ध्या तासाची डिमांड आणि टार्गेट, लाल-हिरव्यात. कोणत्या मशीन एकत्र चालू करायच्या नाहीत त्याचा कागद मराठी आणि हिंदी दोन्हीत, मेल्टर आणि कंप्रेसरवाला दोघांच्या नजरेसमोर. महिन्याची एमडी टार्गेटच्या खाली राहिली तर वाचलेल्यातला हिस्सा त्या पाळीला द्या, रोख, पगाराच्या दिवशीच. आणि प्रॉडक्शन मॅनेजरला डिस्पॅचसाठी ओरडताना त्या डिस्प्लेसमोर उभं करा, कारण लाल दिवा लागलेला असताना "चालू कर रे सगळं" म्हणणारा बहुतेक वेळा तोच असतो.